एक रिकामे नाव आणि ३ कोटी ४० लाख फायली

जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरील सुमारे ७७ टेराबाइट माहिती १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात पुसली गेली. सुमारे ३ कोटी ४० लाख फायली नष्ट झाल्या. संशोधकांच्या १४ गटांना याचा फटका बसला. त्यापैकी ४ गटांची माहिती राखीव प्रतींवरूनही परत मिळू शकली नाही. हा कोणत्याही हल्लेखोराचा उद्योग नव्हता. राखीव प्रती घेण्यासाठी लिहिलेल्या शेल स्क्रिप्टमुळेच हे घडले.

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची यादी. दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली काढून टाकणे, हे या स्क्रिप्टचे एक काम होते. ती चालू असतानाच तिच्या जागी सुधारित आवृत्ती ठेवण्यात आली. बॅश हे शेल स्क्रिप्ट थोडीथोडी वाचत पुढे जाते. त्यामुळे नवी आवृत्ती मधूनच वाचली गेली आणि एका व्हेरिएबलला मूल्यच मिळाले नाही. शेल अशा वेळी थांबत नाही. नावाच्या जागी काहीच नाही असे धरून आज्ञा पार पाडते. परिणामी लॉगऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. संगणक पुरविणाऱ्या कंपनीने याची जबाबदारी स्वीकारली.

दोन ठिकाणच्या फायली एकसारख्या ठेवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही असाच धोका असतो. त्यासाठी आरसिंक ही आज्ञावली सर्रास वापरली जाते. तिला 'डिलीट' हा पर्याय दिल्यास मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फायली ती प्रतीमधूनही काढते. मूळ फोल्डर म्हणून चुकून रिकामे फोल्डर दिले, तर प्रतही रिकामी होते.

म्हणून स्क्रिप्टमधील दोष शोधताना खऱ्या फायलींऐवजी नमुन्याच्या फोल्डरवर चाचणी घ्यावी. आरसिंकच्या 'ड्राय रन' पर्यायाने काय पुसले जाईल याची यादी आधी पाहावी. या पर्यायात फायलींना प्रत्यक्ष हात लागत नाही. बॅशची 'नोअनसेट' ही सोय सुरू ठेवल्यास मूल्य न दिलेले व्हेरिएबल आढळताच स्क्रिप्ट थांबते. 'मॅक्स डिलीट' पर्यायाने पुसावयाच्या फायलींच्या संख्येवर मर्यादा घालता येते. चालू स्क्रिप्टमध्ये मात्र बदल करू नये.

एकसारखी ठेवलेली प्रत ही राखीव प्रत नव्हे, कारण मूळ ठिकाणची चूक तिच्यातही उतरते. स्क्रिप्ट पोहोचू शकणार नाही अशा जागी आणखी एक प्रत असणे, हाच खरा आधार होय.