पाळीव मार्जारातील आक्रमकता : हेतुविचार व शमनोपाय

सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात जंगम विषाची अधिष्ठाने सांगताना, ज्यांच्या दंष्ट्रा व नखे या दोन्ही ठिकाणी विष असते अशा प्राण्यांत मार्जाराची गणना केली आहे. हा प्राणी आज शहरांतील सदनिकांत कुटुंबाचा घटक होऊन राहतो, आणि त्याच्या क्रोधाचा प्रश्न दोन मार्गांनी वैद्यापर्यंत येतो. एक तर दंश झालेला रुग्ण येतो. किंवा परिचित कुटुंब विचारते, ‘‘आमचे मांजर अलीकडे फार चिडके झाले आहे, त्याला शांत करण्यासाठी ब्राह्मी, जटामांसी असे काही देता येईल का?’’ या दोन्ही प्रसंगी वैद्याने काय जाणावे व काय टाळावे, याचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आक्रमकता हा मार्जाराचा व्याधी नव्हे, ते लक्षण होय. ज्वराचा हेतू न शोधता केवळ ताप उतरविणाऱ्या चिकित्सकास आपण सुज्ञ मानीत नाही. तोच न्याय येथेही लागू होतो. हेतू सापडला की निदानपरिवर्जन हीच बहुधा मुख्य चिकित्सा ठरते.

प्रकृतिविचार

मार्जार हा एकट्याने शिकार करणारा मांसाहारी प्राणी आहे. तो उंदराचा भक्षक आहे, त्याचप्रमाणे देहाने लहान असल्यामुळे मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे. म्हणून निसटून जाणे ही त्याची पहिली वृत्ती, आणि निसटण्याची वाट बंद झाली की प्रहार ही दुसरी. कुत्र्याप्रमाणे धन्याची मर्जी सांभाळणे त्याच्या स्वभावात नाही. पिल्लाच्या वयाच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्यास मनुष्यस्पर्शाची सवय लागली नाही, तर पुढे ते माणसाविषयी दीर्घकाळ साशंक राहते. पाळणाऱ्यास जो क्रोध वाटतो, तो पुष्कळदा भयच असतो.

हेतू

१. वेदना. शांत स्वभावाचे प्रौढ मांजर अकस्मात चावू लागले, तर प्रथम शारीरिक व्याधीची शंका घ्यावी. दंतरोग, संधिविकार, मूत्राशयशोथ, कानाचे विकार, जुन्या चाव्यातून झालेली विद्रधी ही नेहमीची कारणे आहेत. वृद्ध मांजरांत थायरॉईड ग्रंथीच्या अतिस्रावाने चिडचिड वाढते. भूक वाढूनही वजन घटणे ही त्याची खूण होय.

२. भय. घरातील अनोळखी पाहुणे, फटाके, लहान मुलांची ओढाताण, नवे घर.

३. अन्यत्र वळलेला क्रोध. हा प्रकार पाळणाऱ्यांस सर्वांत अनाकलनीय वाटतो. मांजर खिडकीतून बाहेरचा बोका पाहते; त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही; तेवढ्यात घरातील कोणी जवळून जाते आणि क्रोध त्या व्यक्तीवर निघतो. ‘‘काही कारण नसताना चावले’’ असे सांगितले जाते, परंतु कारण खिडकीबाहेर असते. ही उत्तेजित अवस्था कित्येक तास, क्वचित काही दिवसही टिकते.

४. क्रीडा. एकटे वाढलेले पिल्लू भावंडांशी झोंबताना चाव्याचा जोर आवरण्यास शिकत नाही. पाळणारे त्यास हाताने व पायाने खेळवितात. पुढे तेच मांजर घोट्यांवर दबा धरून झेप घेते.

५. स्पर्शाचा अतियोग. कुरवाळणे काही काळ सुखकर असते, नंतर तेच असह्य होते. मिथ्या-अतियोगाची संकल्पना जाणणाऱ्या वैद्यास हे समजावून सांगावे लागणार नाही.

६. क्षेत्र व काम. निर्बीजीकरण न झालेल्या बोक्यांतील मारामाऱ्या, तसेच पिल्ले असलेल्या भाटीचे संरक्षक वर्तन.

यांशिवाय एक हेतू कधीही विसरू नये. बाहेर फिरणाऱ्या, लस न दिलेल्या मांजराच्या स्वभावात एकाएकी बदल झाला, सोबत लाळ गळणे, गिळता न येणे वा आवाज बदलणे अशी लक्षणे दिसली, तर अलर्कविषाची म्हणजे रेबीजची शंका घ्यावी. अशा मांजरास कोणीही हात लावू नये व तत्काळ पशुवैद्यकांस कळवावे.

पूर्वरूपे

मांजर सहसा सूचना दिल्यावाचून चावत नाही. ती सूचना आपण वाचीत नाही. शेपटीचे टोक हलू लागणे व मग शेपटी आपटणे, कान बाजूस व मागे वळणे, पाठीवरील त्वचा थरथरणे, डोळ्यांची बाहुली विस्तारणे, घुरघुर एकाएकी थांबणे ही पूर्वरूपे होत. फिसकारणे, गुरगुरणे, केस पिंजारणे हे पूर्ण रूप. पूर्वरूपावस्थेतच हात मागे घेतला तर बहुतेक दंश टळतात.

शमनोपाय

क्रुद्ध मांजरास उचलू नये, कोपऱ्यात गाठू नये, त्याच्याकडे एकटक पाहू नये. शक्य तर दाराआडून, जाड चादर वा पुठ्ठा मध्ये धरून त्यास एका शांत, मंद प्रकाशाच्या खोलीत जाऊ द्यावे. तेथे पाणी व रेतीचे तबक ठेवावे आणि ते स्वतः शांत होऊन अन्न घेईपर्यंत एकांत द्यावा.

मारणे, ओरडणे, तोंडावर पाणी उडविणे यांनी भय वाढते आणि भयातून पुन्हा आक्रमकता वाढते. शिक्षा येथे अनुपशयच ठरते.

दीर्घकालीन उपाय हेतूनुसार योजावेत. बाहेरचे मांजर दिसत असेल तर खिडकीचा खालचा भाग झाकावा. क्रीडाप्रवृत्तीसाठी काठीला दोरी व पीस बांधून दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे खेळवावे व खेळानंतर अन्न द्यावे. पाठलाग, झडप, भक्षण आणि निद्रा हा त्याचा नैसर्गिक क्रम आहे. हात हे खेळणे नव्हे, हे घरातील सर्वांनी पाळावे. बसण्यास उंच फळी व लपण्यास खोके द्यावे. अनेक मांजरे असल्यास अन्नपात्रे वेगवेगळ्या जागी व रेतीची तबके मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक असावीत. बोक्यांतील मारामाऱ्या व भटकणे निर्बीजीकरणाने बहुतांशी कमी होते. मांजराकडे पाहून डोळे हळूहळू मिटणे व उघडणे ही मैत्रीची खूण ते ओळखते. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून यास पुष्टी मिळाली आहे.

आहाराचाही विचार हवा. आपल्याकडील अनेक घरांत मांजर दूध-पोळीवर वाढविले जाते. मार्जारास टॉरिन हे द्रव्य प्राणिज आहारातूनच मिळवावे लागते. त्याच्या अभावाने दृष्टिपटल व हृदय यांची हानी होते. दृष्टी मंदावलेले प्राणी साध्या स्पर्शानेही दचकतात व चावतात. शाकाहारी कुटुंबाने मांजर पाळण्यापूर्वीच या गोष्टीचा निर्णय करावा.

औषधीविषयी सावधानता

येथे आम्ही वैद्यबंधूंस आग्रहाने सांगू इच्छितो की मनुष्यासाठी सांगितलेले कल्प मात्रा कमी करून मार्जारास देऊ नयेत. मार्जाराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशन ही विषनिर्हरणाची प्रक्रिया अत्यंत दुर्बल असते. त्यामुळे आपल्यास निरुपद्रवी असणारी द्रव्ये त्यास घातक ठरतात. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. लशुन व पलांडु यांनी त्याच्या रक्तकणांचा नाश होतो. म्हणून लशुनयुक्त वटी वर्ज्य. गंधपुरा तेल, नीलगिरी तेल, कर्पूरयुक्त लेप त्याच्या अंगास लावू नयेत, कारण अंग चाटण्याच्या सवयीमुळे बाह्य प्रयोग हा आभ्यंतर प्रयोगच होतो. व्हॅलेरियन प्रजातीच्या मुळांच्या गंधाने अनेक मांजरे शांत होण्याऐवजी उत्तेजित होऊन लोळू लागतात, आणि आपले तगर याच प्रजातीतील आहे. मनुष्यास निद्राकर म्हणून ते मार्जारासही तसेच, हे अनुमान टिकत नाही.

शालिहोत्र व पालकाप्य यांच्या नावे अश्वायुर्वेद व हस्त्यायुर्वेद यांची परंपरा आपल्याकडे आहे, याचा अभिमान योग्यच होय. परंतु बी.ए.एम.एस.च्या अभ्यासक्रमात मार्जारचिकित्सा नाही, आणि भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यक व्यवसायाचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे. आपले काम हेतू ओळखण्यास साहाय्य करणे व योग्य ठिकाणी पाठविणे हे आहे.

दंश झाल्यास

मार्जाराचे दात सुईसारखे असतात. जखमेचे तोंड लहान, खोली मात्र अधिक असते. पाश्चुरेला जातीचे जंतू खोल जाऊन बहुधा चोवीस तासांच्या आतच शोथ, दाह व पूय उत्पन्न करतात. हाताचे सांधे व कंडरा यांना विशेष धोका असतो. ‘‘दोन टिपके तर आहेत’’ असे म्हणून रुग्णास परत पाठवू नये.

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. कल्पस्थानात अलर्कविषासाठी रक्तविस्रावण व तप्त घृताने दाह सांगितला आहे, आणि जलत्रास उत्पन्न झाल्यावर तो अरिष्टच, हेही तेथे स्पष्ट केले आहे. पुढचे ते निरीक्षण आजही खरे आहे; परंतु जलत्रासापूर्वी रोग रोखणारी लस आज उपलब्ध आहे, त्यामुळे दाहकर्मास आता स्थान नाही. रुग्णास त्याच दिवशी शासकीय वा अन्य रुग्णालयात लसीसाठी पाठवावे. रक्त आलेला दंश वा ओरखडा असल्यास लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताची लस व प्रतिजैविके यांचा निर्णय तेथेच व्हावा. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, परंतु त्यासाठी लस थांबवू नये.

चिडके मांजर पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येण्याची प्रथा आपल्याकडे आहे. ज्या मांजराच्या दाढेत पू झाला होता किंवा ज्याच्या खिडकीबाहेर रोज एक बोका बसत होता, त्यास मिळालेली ही शिक्षा होय. दंश झालेल्या रुग्णास पाहताना ‘‘चावण्यापूर्वी काय घडले होते?’’ एवढा एक प्रश्न वैद्याने विचारला, तर रुग्णाचा पुढचा दंश टळेल आणि कदाचित त्या प्राण्याचे घरही टिकेल.