गाडी आली, पण बस?

आमच्या भंडाऱ्याला रेल्वेने यायचं तर भंडाऱ्यात उतरता येत नाही, हे पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. स्टेशनाचं नाव ‘भंडारा रोड’, पण ते आहे वरठीला, गावापासून दहाएक किलोमीटरवर. ‘तुमसर रोड’ही तसंच, देव्हाडीला. नावातला ‘रोड’ म्हणजे पुढचं तुमचं तुम्ही बघा!

दोन वर्षांपूर्वी बचत गटातल्या एका मावशींना डोळा दाखवायला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं होतं. परतताना गाडी दीड तास लेट. फोनवर गाडी कुठवर आली ते मिनिटामिनिटाला कळत होतं, त्यामुळे मी निर्धास्त. जिल्ह्यातल्याच एका स्टेशनावर रात्री नऊनंतर उतरलो आणि चहावाल्याला बस विचारली.

“शेवटची गेली ना जी बाई, आता कायची बस?”

एकच ऑटो होता. त्याने मागितले ते पैसे दोघींच्या रेल्वे तिकिटांपेक्षा जास्त. डोळ्याला पट्टी लावलेल्या मावशी पदराची गाठ सोडत म्हणाल्या, “मी म्हनत होती ना, पोराले बलावून घे.” मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर ही माहिती मला तिथे नाही, नागपुरातच हवी होती. पुढची बस चुकणार हे तेव्हा कळलं असतं, तर नागपूरला उतरून गणेशपेठहून थेट भंडाऱ्याची एसटी धरली असती. रेल्वेची चौकशी 139 वर होते, एसटीची डेपोत. पण बाईमाणसाचा प्रश्न एकच असतो ना, ‘मी घरी कशी पोचू?’

मुंबईत ऑक्टोबर 2025 मध्ये ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं. लोकल, मेट्रो, बेस्ट धरून 11 सेवा एकत्र. आम्हाला एवढं नको. कोणत्या गाडीला कोणती बस मिळते आणि गाडी लेट झाली तर शेवटची कोणती, एवढं एका फळ्यावर आलं तरी पुरे. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण त्यासाठी आधी बस सापडायला हवी!

शेवटी गटातल्या आम्ही चौघींनी दोन्हीकडच्या वेळा विचारून आणल्या, वहीत समोरासमोर मांडल्या. वही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात टांगली आहे. पेन्सिलीनेच लिहितो, कारण पहिल्या दोन महिन्यांतच दोनदा खोडावं लागलं.

पुढच्या महिन्यात मावशींची पुन्हा तपासणी आहे. परवा वही बघायला आल्या आणि म्हणाल्या, “वाचून सांग वं. यंदा नागपुरातच उतराचं का?”