पेडलच्या डबीवरील अक्षरे

विद्युत्-गिटार वाजविणाराच्या पायाशी जी धातूची लहानशी डबी असते, आणि जिच्यातील मंडलातून जाताना तारांचा निर्मळ स्वर हेतुपुरस्सर फाटका किंवा प्रतिध्वनियुक्त केला जातो, ती पेडल नावाची वस्तू 1962 साली माएस्ट्रो फझ-टोनच्या रूपाने अमेरिकेच्या बाजारात आली. आणि तेव्हापासून कारखान्यांच्या जोडीने ती घरच्या मेजावर स्वहस्ते तयार करणाऱ्या हौशी कारागिरांचीही एक परंपरा त्या देशात रुजत गेली. हे कारागीर पुष्कळदा कॅनडातील हॅमंड कंपनीची, 1590बी या क्रमांकाची, सुमारे 112 मिलिमीटर लांब व 60 मिलिमीटर रुंद अशी ॲल्युमिनियमची ओतीव डबी घेतात, तीत नॉब, जॅक आणि पायाने दाबावयाचा स्विच बसवितात, आणि मग प्रश्न उरतो तो कोणता नॉब कशाचा हे सांगणाऱ्या अक्षरांचा.

हा प्रश्न गौण समजणे मला मान्य नाही. अंधाऱ्या रंगमंचावर, दोन गाण्यांमधील अल्प अवकाशात, वादकाला जो मजकूर वाचावा लागतो, तो बुटाच्या तळव्याखाली, धुळीत आणि ओलाव्यात वर्षानुवर्षे शाबूत राहिला पाहिजे.

त्याची तजवीज छपाईच्या पुष्कळ आधी सुरू होते. भोके अगोदर पाडून त्यांच्या कडा साफ करावयाच्या, पृष्ठभाग आधी 220 व मग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावयाचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावयाचा आणि त्यानंतर त्याला उघड्या बोटाने स्पर्श करावयाचा नाही. कारण बोटांचे तेल जेथे राहते तेथूनच रंग आणि लेबल सुटू लागतात.

लेबलांत सर्वांत लोकप्रिय म्हणजे वॉटर-स्लाइड डिकल. पाण्यात भिजताच कागदावरील डिंक विरघळतो आणि छापलेला अतिशय पातळ पापुद्रा डबीवर सरकविता येतो. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात पसरते, म्हणून भिजविण्यापूर्वी तिच्यावर पारदर्शक लॅकर मारावा लागतो; लेझर प्रिंटरला ही अडचण नाही, कारण चेस्टर कार्लसनने 1938 साली न्यूयॉर्क शहरात प्रथम सिद्ध केलेल्या ज्या कोरड्या छपाईवर तो चालतो, तिच्यातील टोनर म्हणजे उष्णतेने वितळून कागदाला चिकटलेली प्लास्टिकची भुकटी होय. घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापू शकत नाही. म्हणून काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे हवी असतील, तर डबी पांढरी रंगवून पारदर्शक डिकलवर अक्षरांभोवतीचा काळा भाग तेवढा छापतात. डिकल पुरते वाळल्यावर लॅकरचे हात द्यावयाचे, परंतु पहिले अगदी विरळ, दवासारखे. घाईने दिलेल्या ओल्या थरातील द्रावक टोनर विरघळवितो, पापुद्रा सुरकुततो, आणि केलेले सर्व काम वाया जाते.

याहून चिरस्थायी उपाय म्हणजे कोरीव काम. टोनरची नकल इस्त्रीने धातूवर उतरवून डबीचा तो भाग फेरिक क्लोराइडमध्ये बुडविला, की टोनरने झाकलेले तेवढे वाचते आणि बाकीचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते. त्या खळग्यांत काळा रंग भरून वरचा भाग घासला, की अक्षर धातूचेच अंग बनते. ही क्रिया फार उष्णता व वाफ निर्माण करते, म्हणून मोकळी हवा, हातमोजे, चष्मा आणि क्षणाक्षणाने बुडविणे ही खबरदारी अनिवार्य आहे.

तथापि माझा कौल तिसऱ्या पद्धतीला आहे. लेझरसाठीच्या पारदर्शक फिल्मवर मजकूर आरशातल्यासारखा उलटा छापावा आणि छापील बाजू खाली ठेवून, दुहेरी चिकट पारदर्शक पटलाने, फिकट रंगाच्या डबीवर बसवावी. मग बूट घासतो तो फिल्मवर, टोनरपर्यंत तो कधी पोचतच नाही. हिची दुर्बलता कडांत आहे. म्हणून फिल्म डबीच्या काठापासून एखादा मिलिमीटर आत कापावी, कोपरे गोल करावेत, आणि स्विच व नॉबांखालील पॉट (पोटेन्शिओमीटर) यांच्या वॉशरांखाली ती दाबली जाईल अशी मापे ठेवावीत. नवशिक्याने येथूनच आरंभ करावा, आणि फिल्म खर्ची घालण्यापूर्वी तोच आराखडा साध्या कागदावर मूळ मापात छापून भोकांशी जुळवून पाहावा.