धरणाची ओहोटी

पाणपक्षी पाहायचे तर मुंबईची शिवडी नाहीतर कोकण गाठावं, आपल्या यवतमाळात कुठे आलाय समुद्र, असं पुष्कळांना वाटतं. समुद्र नाही, हे खरंच. पण पैनगंगेवर इसापूर आहे, दिग्रसजवळ अरुणावती आहे, बाभुळगावकडे बेंबळा आहे. खाडीच्या चिखलात चरणारे शेकाटे आणि तुतवार धरणांच्या काठीही उतरतात.

‘धरण तुडुंब भरलं की पक्षी वाढतात’ हा गैरसमज सगळ्यांत पक्का. तुतवाराचे पाय बोटभर लांबीचे. तो ओल्या चिखलात चोच खुपसून किडे-अळ्या वेचतो. खोल पाण्याचा त्याला काही उपयोग नाही. थापट्या आणि तलवार बदकालाही उथळ पाणीच हवं, कारण ती पाण्याच्या वरच्या थरात किंवा मान पोचेल तेवढ्याच खोलीवर चरतात. बुडी मारून तळ गाठणारी शेंडी बदकासारखी थोडी. खाडीला ओहोटी दिवसातून दोनदा येते. धरणाला ती वर्षातून एकदाच येते आणि महिनोन्‌महिने चालते: रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं की काठ मागे सरकत जातो आणि रोज थोडी ओली जमीन उघडी पडते. म्हणून ऑक्टोबरात ओसाड वाटलेला काठ फेब्रुवारीत पुन्हा पाहावा. तोही धरणाच्या भिंतीवरून नव्हे, तर गाळपेर होते त्या बाजूनं, फुगवट्याच्या टोकाला. जमिनीचा उतार तिथे मंद असतो.

‘हे सगळे सायबेरियाचे पाहुणे’ हेही सरसकट खरं नाही. विदर्भात हिवाळ्याला येणारा पट्टकदंब हंस तिबेट, लडाख, मंगोलियाकडचा. हळदीकुंकू बदक तर कुठूनच येत नाही, ते इथलंच.

सुरय समुद्रावरच राहतो, असं म्हणणाऱ्यांनी नदी सुरय पाहावा. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. तो नद्या-जलाशयांतल्या वाळूच्या बेटांवर उन्हाळ्यात घरटं करतो. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. जागतिक लाल यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. उघड्यावरची अंडी पाहून ती टाकून दिलेली आहेत असं समजू नका. जोडी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असते ती तुम्ही तिथे उभे आहात म्हणून. एप्रिलच्या उन्हात अंड्यांवरची सावली गेली तर आतला जीव थोड्या वेळात होरपळतो. फोटोचा मोह सोडून लगेच मागं फिरावं.

आणि तुतवाराला चिखल देणारी तीच ओहोटी सुरयाचं बेट काठाला जोडून टाकते. मग त्या वाटेनं कुत्री येतात, गुरं येतात. गावानं उन्हाचे ते दोन महिने तेवढा पट्टा मोकळा ठेवला, तर पिल्लं उडतील.