रिपोर्टमधला युरिया

थंडीच्या दिवसांत निफाड तालुक्यातला पारा राज्यात नीचांकी म्हणून बातमीत झळकतो. गोदाकाठच्या सायखेड्यात तेव्हा एखाद्या म्हाताऱ्याचा खोकला कधी छातीत उतरला, हे पटकन कळत नाही. तरुणाला न्यूमोनियात ताप फणफणतो. ऐंशीच्या माणसाला तो येईलच असं नाही. जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं. नाशिकला हलवायचं की घरीच उपचार करायचे, हे ठरवायला रक्ताच्या साध्या तपासण्या चांगला आधार देतात. मात्र आजारी माणूस आधी कसा होता हे ठाऊक नसेल, तर तोच आकडा दिशाभूलही करतो.

जांभळ्या टोपणाच्या नळीतलं रक्त गोठत नाही. त्यावर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते. लाल टोपणाच्या नळीतलं गोठू देऊन यंत्रात गरगर फिरवतात आणि वर सुटलेल्या पिवळसर सीरमवर युरिया आणि सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन मोजतात. सीआरपी सापडलं तेच न्यूमोनियाच्या रुग्णांत, १९३० साली. दाह सुरू झाल्यावर सहाएक तासांत ते चढू लागतं, दोन दिवसांत कळसाला पोचतं, आणि कारण हटलं की एका दिवसाच्या आत निम्म्यावर येतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा अधिक बोलका. तोवर तो निम्म्यावरही आला नसेल, तर उपचार फेरतपासायला हवेत. युरियाचं गणित निराळं. २००३ सालच्या ‘कर्ब-६५’ या गुणपद्धतीत नवा भ्रम, श्वासाची गती, रक्तदाब आणि वय यांच्या पंगतीत रक्ताची ही एकच तपासणी बसते. तिची मर्यादा ब्लड युरियात सुमारे ४२ मिलिग्रॅम. पण काही लॅब ‘बीयूएन’, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, छापतात, आणि तिथे तीच मर्यादा २०च्या आसपास असते. घाईत एकाचा आकडा दुसऱ्याचा म्हणून वाचला जाऊ शकतो!

श्वास मोजता येतो, मग सुई कशाला, असं कुणी विचारेल. पूर्ण मिनिटभर श्वास मोजणं फुकट आहे आणि ते आधी व्हायलाच हवं. पण वृद्धाश्रमात वयाचा गुण जवळपास सगळ्यांनाच मिळतो, आणि स्मृतिभ्रंश असलेल्याचा गोंधळ आजचा की नेहमीचा हे नवख्या डॉक्टरला कळत नाही. तिथे युरिया फरक दाखवतो. तो नुसतं पाणी कमी प्यायल्यानेही चढतो, हा आक्षेप खरा आहे. उलट वर्षभर अर्धपोटी असलेल्या माणसाचा युरिया कमीच राहून खोटा दिलासा देऊ शकतो. अमेरिकेत मिसूरीतल्या काळजीगृहांवर झालेल्या अभ्यासाने २००१ साली युरिया, पांढऱ्या पेशी आणि ८००च्या खाली गेलेले लिम्फोसाइट्स मोजले, पण त्यांच्या जोडीला वजन, नाडी, रोजच्या कामांतलं परावलंबित्व आणि गेल्या ९० दिवसांत ढासळलेली मनःस्थितीही धरली. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लॅबला नव्हे, सुनेला किंवा आश्रमातल्या मावशींना माहीत असतात.

राहिला प्रोकॅल्सिटोनिन या महागड्या रक्ततपासणीचा प्रश्न. न्यूमोनियाचं निदान झाल्यावर त्या आकड्यासाठी प्रतिजैविक अडवू नका, असं २०१९चं अमेरिकी मार्गदर्शन सांगतं. हात आखडता असेल तर पैसे सीबीसी आणि युरियावर घालावेत, आणि चौथ्या दिवशीच्या सीआरपीपुरते राखून ठेवावेत.