मातेच्या दुधातील न पचणारी साखर

मातेच्या दुधातील पाणी वगळले तर सर्वांत अधिक प्रमाण लॅक्टोज या साखरेचे, त्याखालोखाल स्निग्ध पदार्थांचे असते. तिसरा क्रमांक मात्र अशा पदार्थाचा लागतो, की जो बाळाला जवळजवळ पचतच नाही. त्याला ऑलिगोसॅकराइड म्हणतात. एका लिटर दुधात तो साधारण ५ ते १५ ग्रॅम असतो आणि पहिल्या चिकाच्या दुधात सर्वांत जास्त. आई स्वतःची शक्ती खर्चून ही साखर बनविते. मग ती कोणासाठी? विद्यार्थी मित्रांनी व भगिनींनी हे जाणून घ्यावे, म्हणून आम्ही येथे थोडे विस्ताराने सांगत आहोत.

ही साखर लहान आतड्यातून तशीच पुढे मोठ्या आतड्यात जाते. तेथे बिफिडोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू तिची वाट पाहत असतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील आंरी तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शौचातून ते प्रथम वेगळे केले. यांच्यातील 'इन्फँटिस' या उपजातीचा संपूर्ण जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही साखर आत घेण्याची व तोडण्याची जनुके एका जागी शेजारी शेजारी सापडली.

साखरेच्या या साखळीच्या बुडाशी लॅक्टोज असते, त्यावर गॅलॅक्टोज व एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन यांचे मणी, आणि टोकाला पुष्कळदा फ्यूकोज किंवा सायलिक आम्ल. इन्फँटिसच्या पेशीवरील बंधक प्रथिने ही साखळी धरतात आणि वाहक प्रथिने एटीपीची ऊर्जा खर्चून ती अखंड आत ओढतात. आत गेल्यावर विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे काम सुरू होते. टोकाचे मणी आधी काढावे लागतात. ते फ्यूकोसिडेज व सायलिडेज काढतात. नंतर गॅलॅक्टोसिडेज व हेक्सोसॅमिनिडेज उरलेली साखळी उसवितात. सर्व जेवण घरात होत असल्याने बाहेर उष्टे पडत नाही व इतर जिवाणूंना काही मिळत नाही. त्याचाच भाऊबंद 'बिफिडम' मात्र अंगणात जेवतो. तो साखळी पेशीबाहेर तोडतो, त्यामुळे शेजाऱ्यांचेही पोट भरते.

सुट्या झालेल्या ग्लुकोजची वाटही वेगळी आहे. दह्यातील जिवाणू ग्लुकोजच्या दोन रेणूंपासून लॅक्टिक आम्लाचे चार रेणू बनवितात व चार एटीपी मिळवितात. बिफिडोबॅक्टेरियमकडे फॉस्फोकीटोलेज हे खास विकर असते. ते सहा कार्बनची फ्रुक्टोज-फॉस्फेट साखर चार व दोन कार्बनच्या तुकड्यांत फोडते. दोन कार्बनच्या तुकड्यापासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल, तयार होते. हिशेब असा: ग्लुकोजचे दोन रेणू दिले, की ॲसिटिक आम्लाचे तीन, लॅक्टिक आम्लाचे दोन आणि एटीपी पाच. एक एटीपी जास्त! आतड्याच्या गर्दीत एवढा नफा थोडा नव्हे.

या आम्लांमुळे बाळाचे आतडे आंबट राहते व पुष्कळ रोगजंतूंना तेथे वाढणे अवघड जाते. ॲसिटिक आम्ल आतड्याच्या अस्तरालाही बळ देते. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ साली उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की त्यामुळे ई. कोलायच्या एका घातक प्रकारापासून प्राण वाचतात.

चिकाचे दूध 'जड' म्हणून पिळून टाकण्याची व बाळाला मध किंवा गूळपाणी चाटविण्याची चाल काही घरांत अजून आहे. गूळपाण्यातील साखर लहान आतड्यातच शोषली जाते. या जिवाणूंपर्यंत ती फारशी पोहोचतच नाही. मधातून तर तान्ह्या बाळाला बोट्युलिझमचा धोका संभवतो, म्हणून एक वर्षापर्यंत तो देऊ नये. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावावे आणि सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिवळसर दिसतो म्हणून जो चीक आपण फेकतो, त्यातच ही साखर सर्वांत अधिक असते.