आठ फ्रेम्सचा दिवस

सकाळी ७
फ्रिजमधला पोलरॉइडचा पॅक बाहेर काढून ठेवते. ही फिल्म साधारण १३ ते २८ अंशांत नीट उमटते. गारठलेली वापरली तर रंग निळसर-हिरवट येतात, तापलेली असेल तर पिवळट-तांबूस.

८.३०
माझं काम या दोषांवरच चालतं. कॅमेऱ्यातून आलेला फोटो उजेडापासून झाकायचा. अर्धा बर्फाच्या पिशवीवर, अर्धा गरम पाण्याच्या बाटलीवर ठेवायचा. रंग उमटेपर्यंत पंधरा मिनिटं हाती असतात. तेवढ्यात वहीत तापमान, उजेड, वेळ लिहून घेते. नोंद नसेल तर तो प्रयोग नाही, योगायोग.

११
कॉलेज. एका पॅकमध्ये आठच फ्रेम्स, म्हणून काय वाद घालायचा तो बटण दाबण्याआधी. वॉकर इव्हान्सचे फोटो दाखवते. येल विद्यापीठात शिकवणाऱ्या या छायाचित्रकाराने १९७३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पोलरॉइडचा एसएक्स-७० कॅमेरा हाती घेतला आणि अडीच हजारांवर फोटो काढले.
“मॅडम, त्यांना फिल्म कंपनीच पुरवत होती!” मागच्या बाकावरून आवाज येतो. खरंच आहे ते.

१.००
डबा उघडला तरी एकजण फोटोवर पेनाचं टोक दाबत बसलेला. लुकास समारास या कलावंताने १९७३ ते ७६ दरम्यान एसएक्स-७० फोटोंचे ओले रंग असेच सरकवून स्वतःचा चेहरा विस्कटला होता. आजच्या फिल्मचा थर तसा मऊ राहत नाही. मी थांबवत नाही. का जमलं नाही ते मात्र लिहायला लावते.

२.३०
इमल्शन लिफ्ट. चौकट कापून थर सोलायचे, कोमट पाण्यात टाकायचे, पांढरा लेप मऊ ब्रशने धुवायचा. दुधावरच्या सायीसारखा सुटलेला पापुद्रा जलरंगाच्या कागदावर अलगद घ्यायचा. मुंबईच्या जुलैत कागद वाळता वाळत नाहीत. रात्रभर पंखा.

५.००
शेवटचा तास एलन केरीचा. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या कलाशाळेत १९८३ मध्ये शिकवू लागलेली ही कलावंत १९९६ पासून ‘पुल्स’ करू लागली. २० बाय २४ इंचांचा फोटो देणाऱ्या अजस्र पोलरॉइड कॅमेऱ्यातून फिल्म नेहमीपेक्षा लांब खेचायची, की रंग ओघळून लांबट कमान तयार होते. समोर वस्तू नाही, व्यक्ती नाही. “मग हा फोटो कशाचा?” या प्रश्नावर तास संपतो.

७.३०
वह्या तपासते. देखण्या फोटोखाली ‘आपोआप आलं’ असं लिहिलं असेल तर पाच गुण. कोऱ्या पांढऱ्या फ्रेमखाली कारण आणि पुढची कृती लिहिली असेल तर आठ. उरलेले दोन तेच पुन्हा करून दाखवल्यावर.